तोंडचं पाणी

मराठी भाषेला फिजिऑलॉजी फार पूर्वीपासून येते, असं माझं प्रामाणिक मत आहे. आता बघा ना. कुणी समोर बसून संत्रं सोललं की आपल्या ‘तोंडाला पाणी सुटतं’. आणि बॉसने अचानक केबिनमध्ये बोलावलं की ‘तोंडचं पाणी पळतं’. दोन वाक्प्रचार, आणि लाळेची दोन्ही बटणं दाखवून मोकळे!

कारण अगदी तसंच असतं, बॉस. लाळेच्या ग्रंथींना आपोआप चालणाऱ्या मज्जासंस्थेच्या दोन तारा जोडलेल्या आहेत. माणूस निवांत असला की पहिली तार काम करते आणि पातळ, भरपूर लाळ सुटते. भीती, राग, डेडलाइन, अप्रेझल असलं काही आलं की दुसरी तार जोर करते. मग लाळ थोडी होते, चिकट होते आणि जीभ टाळूला चिकटते. आपल्या जुन्या धर्मशास्त्रात ‘तंडुल दिव्य’ नावाची एक परीक्षा सांगितली आहे. चोरीचा संशय असलेल्याला कोरडे तांदूळ चावायला द्यायचे आणि मग पानावर थुंकायला लावायचं. थुंकीत रक्त दिसलं तर तो चोर. त्यामागे देव किती होता माहीत नाही, पण घाबरलेल्या माणसाचं तोंड कोरडं पडतं आणि कोरड्या तोंडात कोरडे तांदूळ टोचतात, एवढं सायन्स त्यात नक्कीच होतं.

आता स्वतःकडे बघा. एका हातात माऊस, दुसऱ्या हातात पोळीची गुंडाळी, डोळे एक्सेल शीटवर, आणि मनात तीन वाजताचं प्रेझेंटेशन. आपण रोज दुपारी हीच तंडुल दिव्य परीक्षा देतो. फक्त तांदूळ शिजवलेले असतात, एवढाच फरक.

लाळ हा तसा न बोलायचा विषय. लाळ म्हटलं की एक तर बाळ आठवतं, नाही तर बससमोरच्या रस्त्यावरची लाल नक्षी. पण दिवसाला अर्धा ते दीड लिटर बनणारी ही चीज पचनाच्या फॅक्टरीतली पहिली कामगार आहे. तीन मोठ्या जोड्या आहेत तिच्या: कानापुढे एक, जबड्याखाली एक आणि जिभेखाली एक. वरच्या दुसऱ्या दाढेसमोर गालाच्या आतून जीभ फिरवून बघा, एक बारीकसा उंचवटा लागेल. कानापुढच्या ग्रंथीचा नळ तिथे उघडतो. बरोबर दाढेसमोर! म्हणजे जिथे दळण चालू, तिथेच पाणी. एवढं चोख प्लंबिंग आपल्या वाड्यात कधी बघितलं नाही मी.

या लाळेत नव्वद टक्क्यांहून कितीतरी जास्त पाणीच असतं, पण उरलेल्या थोडक्यात बराच मसाला भरलाय. घास घसरता करणारा चिकट पदार्थ, दातांना वाचवणारी खनिजं, जंतूंना मारणारी प्रथिनं, आणि अमायलेज नावाचं एन्झाइम. हे अमायलेज भात, पोळी, भाकरी, पोहे यांतल्या पिष्टाचे तुकडे करून त्याची साखर करतं. विश्वास नसेल तर आज घरी ट्राय करा. भाजी न लावता कोरड्या पोळीचा एक घास घ्या आणि गिळायची घाई न करता पूर्ण मिनिटभर चावा. हळूहळू पोळी गोड लागायला लागते. तो गोडवा तुमच्या स्वतःच्या कारखान्यातला असतो.

यात एक गंमत आहे. फिजिऑलॉजीच्या पुस्तकांत लिहिलंय, की तोंडात असेपर्यंत जेमतेम पाच टक्केच पिष्ट पचतं. तेवढ्यात आपण गिळतोच. पण नीट चावून लाळेत मुरलेला घास पोटात गेला की त्याच्या आतल्या बाजूला ॲसिड लगेच पोचत नाही. तिथे अमायलेजचं काम तासभरसुद्धा चालू राहतं आणि तीस ते चाळीस टक्के पिष्टाचा निकाल लागतो. थोडक्यात, लाळ म्हणजे घासाला दिलेला डबा. तो बांधून द्यायचा तोंडात, उघडतो पोटात. डबाच दिला नाही, तर पोटाने काय करायचं? पुढे स्वादुपिंडाचं अमायलेज आहे म्हणून निभावतं सगळं, ही गोष्ट वेगळी.

आणि भातखाऊ माणसांचा शरीरानेही विचार केलाय हं. २००७ साली ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये एक अभ्यास आला होता. ज्या समाजांच्या जेवणात पिष्ट जास्त, त्यांच्या शरीरात लाळेतल्या अमायलेजच्या जीनच्या प्रती सरासरीने जास्त सापडल्या. चिंपांझीकडे दोनच असतात. म्हणजे माणसाने कंदमुळं आणि धान्य चावून चावून आपली लाळ घडवली, आणि आपण ती सहा मिनिटांच्या लंच ब्रेकमध्ये बेकार बसवली!

चावण्याचा फायदा फक्त दळण्यापुरता नाही. रशियाचा पावलोव्ह आपल्याला घंटी आणि कुत्र्यामुळे माहीत आहे, पण त्याला १९०४ चं नोबेल मिळालं ते पचनावरच्या कामासाठी. त्याच्या प्रयोगात कुत्रा खायचा, पण घास पोटात न जाता गळ्यातूनच बाहेर पडायचा. तरीही पोटात पाचक रस धो धो सुटायचा. तोंडाने चव घेतली, चावलं, की पोटाला मिस्ड कॉल जातो: ‘माल निघाला, तयारीत राहा.’ हीच युक्ती डॉक्टर आजही वापरतात. पोटाच्या काही ऑपरेशननंतर, विशेषतः सिझेरियननंतर, पेशंटला च्युइंग गम चघळायला देतात. पोटात काहीच जात नाही, पण चावण्याच्या आवाजाने झोपलेली आतडी जागी होतात.

घाईचं बिल वजनकाट्यावरही येतं. जपानमध्ये ३,२८७ प्रौढांचा एक अभ्यास झाला, २००८ साली तो ‘बीएमजे’मध्ये छापून आला. भराभर खाणारे आणि गच्च पोट भरेपर्यंत खाणारे, असे दोन्ही गुण अंगी असलेल्यांमध्ये जाडेपणाची शक्यता तिप्पट निघाली. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि आपण तोवर दुसरी प्लेट मागवलेली असते.

आता तुम्ही म्हणाल, ‘हे सगळं आजीने सांगितलंय, बत्तीस वेळा चाव म्हणून.’ मान्य. पण बत्तीस हा आकडा काही दगडावरची रेघ नाही. दह्याला बत्तीस वेळा काय चावणार? अमेरिकेत शंभरेक वर्षांपूर्वी होरेस फ्लेचर नावाचे एक गृहस्थ होते. घासाचं पूर्ण पाणी होईपर्यंत चावा आणि जे विरघळणार नाही ते थुंकून टाका, असा त्यांचा फंडा. लोक त्यांच्या नादाने पार्टीतही घास मोजत बसायचे. त्यापेक्षा आपली चरकसंहिता बरी. विमानस्थानात जेवायचे नियम दिलेत त्यात सरळ म्हटलंय, की फार भराभर जेवू नका, फार रेंगाळूनही जेवू नका, आणि लक्ष जेवणात ठेवा. वन लाइनर म्हणावं तर हेच.

एवढं वाचून वाटेल, की आपल्या शहरात चावण्याचाच दुष्काळ पडलाय. इथेच खरी मेख आहे. मी महालात वाढले. बडकस चौकातून केळीबाग रोडला निघालात की सकाळी पोह्यांच्या ठेल्यांवर गर्दी दिसते. पोहे, वर चण्याची तर्री, वर कांदा, वर सांबार. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीबरोबरचं नव्हे.) परवा सकाळी मी एका ठेल्याजवळ मुद्दाम मोबाइलचं घड्याळ लावून उभी राहिले. गळ्यात आयकार्ड अडकवलेली तीन-चार पोरं आली. बाइक बंदसुद्धा न करता एकाने ऑर्डर दिली. चार मिनिटांच्या आत प्लेटा रिकाम्या. तर्रीतला चणा हा प्राणी न चावता गिळता येतो, हे मला त्या दिवशी कळलं.

मग तीच पोरं दहा पावलं चालत शेजारच्या पानठेल्यावर गेली. ठेलेवाल्याने पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घेतला आणि पाटीवर घसघस घोटून खर्रा हातात दिला. तो गालात गेला. मी कोपऱ्यावरून भाजी घेतली, झेरॉक्स काढले, एका काकूंशी गप्पा मारल्या आणि अर्ध्या तासाने परत आले. एक जण अजून तिथेच होता, गाल फुगलेला, जबडा चालू!

म्हणजे चावायला वेळ नाही, हे खोटं आहे. वेळ आहे, दात आहेत, जबडा आहे, लाळ आहे. फक्त जेवणाच्या वाट्याची चार मिनिटं आणि खर्र्याच्या वाट्याचा अर्धा तास, अशी वाटणी झालीय. नागपूर दिवसभर चावतं, जेवण सोडून.

आणि लाळेचं काय होतं ते तर ऐकाच. सुपारीत अरेकोलीन नावाचं द्रव्य असतं. ते लाळेचं निवांतवालं बटण खोटी चावी लावून दाबतं. तोंडाला पाणी सुटतं, पण जेवणाविना. भरपूर लाळ येते, तिच्यात अमायलेज असतं, सगळा सरंजाम असतो, पण पचवायला समोर काहीच नाही. तंबाखूमुळे ती गिळायचीही सोय नाही. मग ती जाते गांधी गेटच्या रस्त्यावर, ऑफिसच्या जिन्याच्या कोपऱ्यात, नाही तर ट्रॅफिक सिग्नलला शेजारच्या स्कूटीवालीच्या ओढणीवर. (अनुभवाचे बोल!)

रस्ता धुता येतो हो. तोंडाचं तसं नाही. माझ्या मास कॉमच्या बॅचचा एक मित्र आहे, आता एका ॲड एजन्सीत. कॉलेजात असताना तर्री दोनदा मागून घेणारा. गेल्या वर्षी आम्ही पोहे खायला थांबलो, तर तो ठेलेवाल्याला म्हणाला, “भाऊ, माझ्यावर तर्री नको टाकू. कोरेच दे.”

मी म्हटलं, “काहून रे? तब्येत बरी नाही का?”

“झोंबून राहिलं यार आजकाल. ॲसिडिटी असेल.”

ॲसिडिटी नव्हती. दोन महिन्यांनी दाढ दुखते म्हणून तो डेंटिस्टकडे गेला, तेव्हा डॉक्टरने दाढ बघायच्या आधीच त्याला तोंड पूर्ण उघडायला सांगितलं. त्याने उघडलं. डॉक्टर म्हणाले, “पूर्ण उघडा.” तो म्हणाला, “पूर्णच आहे.” दोन बोटं कशीबशी मावत होती.

या आजाराचं नाव ओरल सबम्यूकस फायब्रोसिस. डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ साली ‘सबम्यूकस फायब्रोसिस’ या नावाने त्याचं वर्णन केलं होतं. होतं असं, की सुपारीतलं अरेकोलीन गालाच्या आतल्या पेशींना जास्तीचं कोलॅजन बनवायला लावतं. सुपारीतलं तांबं आणि टॅनिन त्या कोलॅजनच्या दोऱ्या आणखी पक्क्या करतात. गालाचं मऊ अस्तर पांढुरकं, ताठ, चामड्यासारखं होत जातं. सुरुवातीची खूण काय, तर तिखट झोंबणं. म्हणजे बघा, सावजी आणि तर्रीच्या गावात पहिली घंटी कुठे वाजते, तर तर्रीच्याच प्लेटमध्ये! आणि आपण ती ॲसिडिटीच्या खात्यावर टाकून एक गोळी घेतो.

पुढे तोंड उघडणं कमी होतं, जीभ नीट फिरत नाही, तोंड कोरडं राहतं. मग माणूस खाणंच बदलतो. भाकरी सुटते, कारण ती चावायला जबडा उघडावा लागतो. मग पोळी दुधात कुस्करून, मग वरणभात पातळ करून, मग नुसतं पेज-पाणी. पचनाच्या ज्या एकमेव टप्प्यावर आपला कंट्रोल असतो, तोच हातचा जातो. पोट, यकृत, आतडी आपलं ऐकत नाहीत. ऐकतो तो फक्त जबडा. आणि त्यालाच आपण कुलूप लावून घेतो.

शिवाय कॅन्सरची टांगती तलवार. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यात अशा ६६ पेशंटचा सतरा वर्षं पाठपुरावा झाला होता. त्यातल्या ७.६ टक्क्यांना तोंडाचा कॅन्सर झाला. ‘मी तंबाखू खात नाही, जेवणानंतर नुसती सुपारी घेते’ असं म्हणणाऱ्या माझ्या मैत्रिणींसाठी एक वाईट बातमी: जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली आहे. गोड असली, चांदीचा वर्ख असला, लग्नातल्या पुडीतली असली, तरी सुपारी ती सुपारीच.

सिगारेटवरच्या सूचना वाचून आपण मान डोलावतो, पण २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणातले आकडे काय सांगतात? महाराष्ट्रातल्या प्रौढांमध्ये सिगारेट-बिडी ओढणारे ३.८ टक्के, आणि तोंडाने किंवा नाकाने बिनधुराचा तंबाखू घेणारे २४.४ टक्के. म्हणजे आपलं राज्य ओढत नाही, चघळतं. गुटख्यावर आपल्याकडे २०१२ मध्ये बंदी आली. पण खर्रा कुठल्या फॅक्टरीत बनत नाही, तो गिऱ्हाइकासमोर पाटीवर घोटला जातो. तिकडे गडचिरोलीत दारू आणि तंबाखूविरुद्ध २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ नावाने गावोगाव काम सुरू झालं. आपल्या चकाचक ऑफिसांच्या खाली मात्र पानठेला ही नेटवर्किंगची जागा आहे. बॉसबरोबर खाली गेलं की प्रमोशन, नाही गेलं की ‘टीम प्लेयर नाही’.

मग करायचं काय? आधी एक टेस्ट. लॅब नको, फी नको. तर्जनी, मधलं आणि अनामिका, ही आपली स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरा आणि पुढच्या दातांमध्ये घालून बघा. आरामात मावली तर छान. अडकली, किंवा तिखट विनाकारण झोंबायला लागलं असेल, गालाला आतून ताठरपणा वाटत असेल, तर आठवडा घालवू नका. मेडिकल चौकाजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथे दाखवा, नाही तर आपल्या नेहमीच्या डेंटिस्टला दाखवा. गेलेली लवचिकता शंभर टक्के परत येत नाही, हे खरं. पण सवय थांबवली, तोंडाचे व्यायाम, औषधं, इंजेक्शनं वेळेवर सुरू झाली, तर बराच फरक पडू शकतो. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ ही सरकारची टोल फ्री क्विटलाइन आहे.

आणि ज्यांना हे व्यसन नाहीच, त्यांनी फार खूश होऊ नये. तुमची चार मिनिटांची प्लेट अजून तशीच आहे! लंचला स्क्रीन बंद करा. पहिले पाच घास तरी त्यात काय काय आहे ते ओळखत चावा, पुढचं जबडा आपोआप सांभाळतो. प्रत्येक घासावर पाण्याचा घोट मारून गिळू नका, लाळेला तिचं काम करू द्या. डब्यात आठवड्यातून दोनदा तरी चावायला लावणारं काही असू द्या: ज्वारीची भाकरी, उसळ, काकडी, शेंगदाणे. जेवणानंतर तोंडाला चाळा हवाच असेल तर बडीशेप आहे, बिनसाखरेचं च्युइंग गम आहे. त्यांनीही लाळ सुटते, आणि ती बिनधास्त गिळता येते. गिळलेली लाळ अन्ननलिकेत वर आलेलं ॲसिड खाली धुऊन नेते, तेव्हा ॲसिडिटीवाल्यांनीही नोंद घ्यावी.

तो माझा मित्र आता आठ महिने खर्र्याशिवाय आहे. रोज सकाळी आरशासमोर तोंडाचे व्यायाम करतो, आणि त्याची आई बाहेरून विचारते, “गाणं म्हणून राहिला का रे?” तर्री अजून झोंबते. परवा मात्र त्याने जेवणात भाकरीचा चतकोर तुकडा घेतला आणि पूर्ण चावून संपवला. वीस मिनिटं लागली. मला फोन करून म्हणाला, “यार, भाकरी इतकी गोड असते का?”

असते. फक्त तेवढा वेळ ती तोंडात ठेवावी लागते.